चित्रपट-परीक्षणाचा कार्यक्रम कसा पाहावा

दूरचित्रवाणीवर बातम्या, दैनंदिन मालिका, प्रश्नमंजूषा, माहितीपट, थेट सामने असे नाना प्रकार एकाच पडद्यावर नांदत असले, तरी ते पाहण्याची रीत एकच नसते. दैनंदिन मालिकेचे चार भाग चुकले तरी पाचव्यात कथेचा धागा सापडतो, कारण ती तशीच बेतलेली असते. माहितीपटाची सुरुवात हुकली तर मात्र पुढचा युक्तिवाद अधांतरी राहतो. त्यामुळे वाहिन्या चाळत बसण्याऐवजी सेट-टॉप बॉक्समधील वेळापत्रक पाहून, पुनःप्रक्षेपण कोणते आणि नवा भाग कोणता हे ओळखून, दोन-तीन कार्यक्रम आधीच ठरवून ठेवावेत.

चित्रपट-परीक्षणाच्या कार्यक्रमाला याहून थोडी अधिक सावधगिरी लागते. समोर चालले आहे ते परीक्षण आहे की प्रसिद्धी, हे सर्वप्रथम तपासावे. चित्रपटातील दृश्ये दोन्हीकडे बहुधा निर्मात्यांनीच पुरवलेली असतात, म्हणून त्यांवरून काहीच ठरत नाही. दृश्य संपल्यावर निवेदक काय बोलतो, याकडे कान द्यावा. ‘चित्रीकरणाच्या वेळी खूप धमाल आली असेल ना?’ असा प्रश्न कलाकारांना विचारला जात असेल आणि अर्ध्या तासात एकही उणीव निघत नसेल, तर ती जाहिरातच समजावी. जाहिरात पाहण्यात गैर काही नाही, फक्त तिला परीक्षण मानू नये.

परीक्षण खरे असेल, तर समीक्षक एक आहे की दोन, यावर पाहण्याची पद्धत ठरते. शिकागोतील एका सार्वजनिक वाहिनीवर १९७५ मध्ये जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट हे दोन प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांचे समीक्षक एकत्र आले. पुढे त्यांचे ‘अंगठा वर, अंगठा खाली’ जगभर गाजले. पण माझ्या मते त्या जोडीचे खरे मोल अंगठ्यात नव्हते, वादात होते. अशा कार्यक्रमात दोघांचे एकमत झाले तर निकाल ऐकून पुढे जावे. मतभेद झाला तर मात्र नेमक्या कोणत्या दृश्यावरून वा पात्रावरून तो झाला, ते टिपून घ्यावे.

एकट्या समीक्षकाच्या कार्यक्रमाला वेळ द्यावा लागतो. बीबीसीच्या ‘फिल्म’ या कार्यक्रमात बॅरी नॉर्मन १९७२ पासून १९९८ पर्यंत दिसत राहिले, आणि इतक्या सहवासात प्रेक्षकाला समीक्षकाची आवड-नावड घरच्या माणसाइतकी कळू शकते. तेवढी वर्षे हाताशी नसतील तर वही घ्यावी आणि तीन रकाने आखावेत: चित्रपटाचे नाव, समीक्षकाने दिलेले कारण आणि चित्रपट पाहिल्यानंतरचे स्वतःचे मत. तारे लिहू नयेत, कारणच लिहावे. आठ-दहा नोंदींनंतर असे आढळू शकते की, त्याने ‘संथ’ म्हणून नाकारलेले तीनही चित्रपट आपल्याला मनापासून आवडले आहेत. मग पुढच्या वेळी त्याच्या तोंडून ‘संथ’ हा शब्द आला की बेलाशक तिकीट काढावे.

कथानक आधी कळू नये असे वाटत असेल, तर समीक्षक उत्तरार्धाकडे वळताच आवाज बंद करावा आणि तो भाग रेकॉर्ड करून ठेवून, चित्रपट पाहून आल्यावर ऐकावा.