मुंबईच्या ग्रंथालयांत युरोपीय साहित्य शोधताना

हॉर्निमन सर्कलसमोरचा टाउन हॉल 1833 मध्ये बांधून पूर्ण झाला. आज तेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. त्याच्या पायऱ्या चढण्यापूर्वी, किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाण्यापूर्वी, हवा असलेला लेखक कोणत्या देशाचा यापेक्षा तो कोणत्या भाषेत लिहीत असे, हे कागदावर टिपून घ्यावे. काफ्का प्रागचा असला तरी जर्मनमध्ये लिहीत असे, म्हणून चेक पुस्तकांत त्याला शोधू नये. धारवाडला प्राध्यापकी केलेले जी. ए. कुलकर्णी आपण कन्नडच्या कपाटात शोधत नाही, तसेच हे.

ग्रंथालयात ड्यूईची दशांश पद्धत, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत, असेल, तर जर्मन साहित्य 830, फ्रेंच 840, इटालियन 850, स्पॅनिश आणि पोर्तुगीज 860 या क्रमांकांखाली मिळते. रशियन मात्र 891.7 वर जाते आणि मराठी 891.46 वर, म्हणजे टॉलस्टॉय आपला जवळचा शेजारी निघतो. अनुवादही सहसा मूळ भाषेच्याच क्रमांकावर लावतात. कोश आणि व्याकरणे वेगळी, 400 च्या वर्गात असतात: जर्मनची 430 मध्ये, फ्रेंचची 440 मध्ये.

खरी दमछाक नावांत होते. दान्ते हा 'अलिघिएरी'खाली नव्हे, 'दान्ते'खालीच सापडतो. गोएथेच्या नावातला 'फॉन' आणि बाल्झाकच्या नावातला 'द' मागे टाकतात, पण ला फोंतेनचा 'ला' पुढेच राहतो. चेखोवचे नाव इंग्रजीत 'सी-एच'ने, फ्रेंचमध्ये 'टी-सी-एच'ने आणि जर्मनमध्ये 'टी-एस-सी-एच'ने सुरू होते, त्यामुळे जुन्या तालिकेत (खणांत लावलेल्या पत्रकांच्या ग्रंथसूचीत) एका ठिकाणी पत्रक नसेल, तर उरलेले दोन खणही उघडून पाहावेत. शीर्षक शोधताना आरंभीचे 'देर', 'ल', 'इल' ही उपपदे सोडून द्यावीत. जर्मनमध्ये दोन टिंबांचा 'ओ' दिसला, तर तो 'ओ-ई' असा लिहूनही शोधावा.

जुन्या जर्मन पुस्तकांच्या टोकदार गॉथिक छपाईत लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, म्हणून कोशात शब्द सापडला नाही तर ते अक्षर आधी तपासावे.

दुर्मीळ ग्रंथांसाठी आगाऊ लेखी परवानगी मागणे बरे. एशियाटिककडे दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित आहे, पण अशी वस्तू साध्या मागणी चिठ्ठीवर हाती पडेल, ही आशा धरू नये. इतर पुस्तकांच्या चिठ्ठीवर लेखक, शीर्षक आणि बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) यांच्याबरोबर आवृत्तीचे वर्ष आणि खंडही अवश्य लिहावा, कारण समग्र वाङ्मयाच्या संचांत सर्व खंडांच्या पाठीवर एकच शीर्षक छापलेले असते आणि खंड न लिहिल्यास शिपाई हाताला लागेल तो खंड घेऊन येतो.