स्वतःचा खटला स्वतः खेळू नये: तुरुंगाची झळ बसलेल्यांसोबत नाटक करताना

तुरुंगाच्या आत जाऊन नाटक बसवावे असे अनेकांना वाटते. पण पहिलाच प्रयत्न असेल तर तो वस्तीत करावा. भारतातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी (ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे) असल्यामुळे तारीख, जामीन किंवा दुसऱ्या कारागृहात बदली यांपैकी काहीतरी होऊन आतला गट सतत फुटत राहतो. त्याऐवजी सुटून आलेले, जामिनावर असलेले आणि मुलाकातीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आया-बायका अशी आठ-दहा माणसे जमवावीत. बुडालेल्या मजुरीपोटी मानधन द्यावे आणि पोलीस ठाण्यात हजेरीचा दिवस कोणाचा कधी असतो हे विचारूनच तालमी ठरवाव्यात.

नाट्यशिबिरांतले नेहमीचे खेळ इथे जसेच्या तसे चालत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधणे, शिट्टीवर रांगेत उभे राहणे, आकडे मोजून जागा घेणे यांत अनेकांना बराकीतली गिनती आठवते. दार उघडे ठेवावे आणि मधूनच उठून बाहेर गेलेल्याला कारण विचारू नये.

‘तुमच्यावर कोणता गुन्हा आहे?’ हा प्रश्न तालमीत कधीही विचारू नये, आणि कोणालाही स्वतःच्या खटल्यातली स्वतःची भूमिका देऊ नये. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे जे संरक्षण असते ते नाटकवाल्याशी झालेल्या बोलण्याला नसते. जामिनावरच्या माणसाने भरात सांगितलेली हकीगत ऐकणारा उद्या साक्षीदार ठरू शकतो. म्हणून मोबाइलवर चित्रण नको आणि वहीत नावे नकोत. शिवाय ज्याचे नुकसान झाले तो माणूसही बहुधा त्याच वस्तीत राहत असतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची किंवा खटल्याशी संबंधित बालकाची ओळख उघड करण्यास तर कायद्यानेच बंदी आहे. पाच जणांच्या अनुभवांतून सहावी गोष्ट रचावी, आणि तिचा गाभा गुन्हा नसून पुढची अडचण असावी: जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळत नाही.

ब्राझीलमध्ये 1971 साली अटक आणि छळ सोसून देशाबाहेर गेलेले नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांनी विकसित केलेली फोरम थिएटरची पद्धत अशा प्रसंगाला नेमकी बसते. प्रसंग एकदा हरण्यापर्यंत खेळायचा. दुसऱ्या वेळी प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणून अडलेल्या पात्राची जागा घ्यायची आणि दुसरा मार्ग करून पाहायचा. मात्र चुकीचा मार्ग टाळ्या मिळवून जाऊ शकतो, म्हणून एक वकील शेजारी बसवावा. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 479 नुसार यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ कोठडीत काढल्यावर त्याला सोडण्याची तरतूद आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी वगळून). हे प्रयोगातच कळले पाहिजे. पत्रके वाटून ते साधत नाही.

पोलीस कोणी व्हायचे, यावर गट हमखास अडतो. अहमदाबादच्या छारानगरात 1998 पासून काम करणाऱ्या बुधन थिएटरचे उदाहरण इथे उपयोगी पडते. पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर यांचा कोठडीत मृत्यू झाल्यावर छारा तरुणांनी नाटक उभे केले आणि त्यात पोलीसही त्यांनीच साकारले. छारा म्हणजे 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेला आणि 1952 साली त्या यादीतून मुक्त झालेला समाज. महाराष्ट्रातल्या पारध्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. मारहाण अंगाला हात न लावता, काठी जमिनीवर आपटून दाखवावी. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याच्या भूमिकेत रंगू लागला तर तालीम तिथेच थांबवावी. शिपायाला निव्वळ राक्षसही करू नये, कारण राक्षसाशी बोलायला कोणताच प्रेक्षक पुढे येत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी ज्या ठाण्यात जायचे तिथेच आपला एखादा नट हजेरी लावत असतो, तेव्हा हा अर्ज आयोजकानेच घेऊन जावा. प्रयोगानंतर प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून भूमिकेतून बाहेर आणावे, आणि पुढच्या भेटीचा दिवस सामान आवरण्याआधीच ठरवावा, कारण बऱ्याच जणांचा फोन नंतर लागत नाही.