न्यू जर्सीत आरोग्यसेवेत काम सुरू करायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी फोन येतो: “ताई, सीएनएचा क्लास कुठे लावू?” ओक ट्री रोडवरच्या दुकानातली जाहिरात पाहून काहींची फीची चौकशी झालेली असते, काहींनी ती भरलेलीही असते. मी स्वतः एका नर्सिंग होममध्ये सीएनए, म्हणजे रुग्णांची रोजची देखभाल करणारी मदतनीस, म्हणून सुरुवात केली आणि आता आरएन, म्हणजे परवानाधारक नर्स, आहे, त्यामुळे हा रस्ता चांगला आहे हे मनापासून सांगते. पण त्यावर पाऊल टाकण्याचा एक क्रम आहे. आधी कागद, मग नोकरी देणारं नर्सिंग होम, मग सरकारी रोजगार कार्यालय, आणि खिशातून फी भरून लावलेला क्लास सगळ्यात शेवटी.

कागद म्हणजे कामाची परवानगी. भावाने किंवा बहिणीने फार वर्षांपूर्वी केलेला अर्ज मंजूर होऊन ग्रीन कार्डावर आला असाल, तर पहिल्या दिवसापासून काम करता येतं. एल-२ वर (कंपनीने एल-१ वर इकडे बदली केलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, काढावं लागत नाही. आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीवर, ‘एल-२एस’ असं आलंय ना, एवढं बघा. एच-४ चं, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसाचं, तसं नाही. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा त्याला एच-१बीवर सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असेल, तरच ईएडी मिळतं. हा नियम २०१५ चा आहे. ईएडी हातात असेल तर त्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाचा नुसता अर्ज केल्याने मुदत आपोआप वाढणं बंद झालंय, आणि कार्ड संपल्या दिवशी नर्सिंग होमला तुम्हाला ड्यूटीवर घेता येत नाही. सहा महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हाच करा.

एच-४ वर असून ईएडी अजून दूर असेल, तर सीएनएचा क्लास आत्ता लावू नका. एच-४ वर शिकायला बंदी नाही. पण सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर सीएनएची नोंद बाद होते आणि प्रशिक्षण, परीक्षा पुन्हा करावी लागते. त्यापेक्षा हा काळ कम्युनिटी कॉलेजात घालवा. एडिसनमधलं मिडलसेक्स कॉलेज, ब्रँचबर्गचं रॅरिटन व्हॅली, ट्रेंटनकडे राहत असाल तर मर्सर काउंटी. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी लेखन, सायकॉलॉजी हे विषय पुढे नर्सिंगला जवळजवळ सगळीकडे लागतात. फक्त शास्त्र विषयांचे गुण किती वर्षं चालतात ते त्या कॉलेजच्या नर्सिंग विभागाला आधी विचारा, कारण अनेक ठिकाणी त्यालाही मुदत असते.

आता सीएनए. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, न्यू जर्सीत ९० तासांचं. नंतर एक लेखी परीक्षा आणि एक प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात हात धुण्यापासून सगळं बघतात: रुग्णाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवणं, कूस बदलणं, नाडी आणि श्वास मोजणं, अंथरुणावरच्या माणसाची स्वच्छता, कॅथेटरची निगा. परीक्षेसाठी किमान तीन संधी मिळायलाच हव्यात असा केंद्राचा नियम आहे, तेव्हा पहिल्यांदा राहिलात तर खचू नका.

आणि हे मला सगळ्यांपर्यंत पोचवायचंय. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांची मान्यता असलेल्या नर्सिंग होममध्ये तुम्ही नोकरीवर असाल, किंवा प्रशिक्षण सुरू होतानाच तिथून नोकरीचा प्रस्ताव हातात असेल, तर त्या प्रशिक्षणाचा एक डॉलरही तुमच्याकडून घेता येत नाही. पुस्तकांचाही नाही. हा केंद्राचा कायदा आहे, नर्सिंग होमची मेहेरबानी नव्हे. आधी स्वतः फी भरली असेल आणि कोर्स संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत अशा ठिकाणी नोकरी लागली, तर तुम्ही तिथे काम करत असताना ती फी टप्प्याटप्प्याने परत मिळण्याची सोय राज्याने करायची असते. पावत्या जपून ठेवा आणि नोकरी लागल्या आठवड्यात एचआरला विचारा. आपल्याकडच्या किती जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण नव्या घरातून गेलेले ते पैसे बहुतेक वेळा भारतातून आणलेल्या शिल्लकीतले असतात.

म्हणून घराजवळच्या नर्सिंग होम्सची यादी करा, फोन करा, आणि सरळ विचारा: “तुम्ही नवीन माणसांना पगार देऊन सीएनएचं प्रशिक्षण देता का?” सगळी देत नाहीत. जी देतात, ती बहुतेकदा काही महिने तिथेच काम करण्याची अट घालतात. तो करार घरी आणा, सावकाश वाचा, आधी सोडलंत तर काय द्यावं लागेल ते बघा आणि मगच सही करा.

नर्सिंग होमने घेतलं नाही तर रोजगार कार्यालयाकडे वळा. न्यू जर्सीत त्याला वन-स्टॉप करिअर सेंटर म्हणतात. २०१४ च्या ‘वायोआ’ कायद्याखाली इथून प्रशिक्षणाचे पैसे मिळू शकतात. त्यासाठी नागरिकच असावं लागतं हा गैरसमज आहे. ग्रीन कार्डवाले, निर्वासित आणि कामाची परवानगी असलेले इतर स्थलांतरितही अर्ज करू शकतात. पैसे मर्यादित असल्यामुळे कमी उत्पन्न असलेल्यांना, सरकारी मदतीवर असलेल्यांना आणि इंग्रजी किंवा गणित कच्चं असलेल्यांना प्राधान्य असतं. घरात आयटीतला भक्कम पगार येत असेल तर या रांगेत नंबर लागणं कठीण. पण घरातला कमावता पगार गेला असेल आणि आजवर घर सांभाळणाऱ्या बाईला आता नोकरी शोधावी लागत असेल, तर या कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. तिथल्या समुपदेशकाला हे स्पष्ट शब्दांत सांगा. आपण घरची अडचण परक्यापुढे मांडायला संकोचतो. तिथे संकोचलात तर तो माणूस चुकीचा रकाना भरेल.

इथे पक्की लक्षात ठेवायची गोष्ट अशी की मंजुरी आधी आणि क्लास नंतर. स्वतः फी भरून मग कार्यालयात गेलात तर ते पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. क्लासही राज्याच्या मान्य यादीतला असावा लागतो. सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड किंवा ईएडी, पत्त्याचा पुरावा, घरच्या उत्पन्नाचे कागद सोबत न्या. पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसबद्दल, म्हणजे लष्करभरतीसाठीच्या सरकारी नोंदणीबद्दल, विचारतात. २६ पूर्ण झाल्यावर या देशात आलेल्यांना ती नोंदणी लागत नाही, पण आल्याची तारीख दाखवणारा पासपोर्ट जवळ हवा.

नावाचं एक प्रकरण खास आपल्याकडचं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि वडिलांचं मधलं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं मधलं नाव, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर काही विचारूच नका. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः जुळावं लागतं. विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र भारतातून येतानाच आणा.

प्रवेशापूर्वी आरोग्याचे कागद मागतात आणि तिथे आपली माणसं हमखास अडकतात. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. त्या लसीमुळे टीबीची त्वचेवरची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि धावपळ. बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्ताची चाचणी जास्त योग्य मानतात. क्वांटिफेरॉन नावाची चाचणी मिळेल का, ते आधीच विचारा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस बी यांचे दाखले लागतात. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात पण कागद नाही, असं असेल तर रक्तातली प्रतिकारशक्ती मोजून घेता येते, ती चालते. शिवाय बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी.

प्रत्यक्ष कामाबद्दल गोड बोलणार नाही. भारतात रुग्णालयातल्या मावशी आणि मामा जे करतात, त्यातलं बरंचसं इथे तुम्ही करणार आहात: डायपर बदलणं, अंघोळ घालणं, भरवणं, आणि पुरुष रुग्णांचीही स्वच्छता. पदवीधर सुनेने हे करायचं का, असा सूर पुण्या-नाशिकहून फोनवर लागतो. माझं मत विचाराल तर ज्या नव्वद वर्षांच्या बाईला आठवडाभरात भेटायला कुणी आलेलं नाही, तिचे केस विंचरून तिला खिडकीशी बसवणं हे कुठल्याही पदवीला कमीपणा आणत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून टाका, लपवू नका. लपवलेल्या कामाचं ओझं दुप्पट होतं, असं मी मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलंय.

शाकाहारी असाल तर गोमांसाचं किंवा पोर्कचं ताट उचलावं लागेल, भरवावंही लागेल. ते जमणार नसेल तर मुलाखतीआधी स्वतःशी ठरवा, ड्यूटीवर नकार देऊन रुग्णाला उपाशी ठेवू नका. काचेच्या बांगड्या चालत नाहीत, नखं बारीक लागतात, आणि लांब मंगळसूत्र घरी ठेवा. स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण ते सहज ओढतो. पाठीला जपा. शिकवलेला गेट बेल्ट (रुग्णाला धरण्यासाठी त्याच्या कमरेला बांधायचा पट्टा) आणि उचलण्याचं यंत्र वापरायचंच, घाई असली तरीही. शिफ्ट बहुतेक ठिकाणी सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा असतात, आणि बर्फ पडला म्हणून सुट्टी नसते.

पैशांचं सांगायचं तर अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२३ च्या आकड्यांनुसार नर्सिंग असिस्टंटचा वार्षिक मध्यम पगार ३८,२०० डॉलर होता, मेडिकल असिस्टंटचा (डॉक्टरच्या दवाखान्यातला मदतनीस) ४२,०००, आरएनचा ८६,०७०. या आकड्यांवरून तुम्हीच बघा, सीएनए हा मुक्काम नव्हे, सुरुवात आहे.

भारतातली पदवी असलेल्यांनी स्वतंत्र विचार करावा. बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम असाल तर सीएनएच्या मागे अडकू नका. तुमचा रस्ता कागदपत्रांचं मूल्यमापन आणि एनसीएलईएक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याच्या, परीक्षेचा. कॉलेज आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून कागद थेट इकडे यावे लागतात आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम भारतात असतानाच सुरू करा. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना इथली डॉक्टरकीची परीक्षा देता येत नाही. फार मेहनतीने मिळवलेली पदवी असते ती, आणि हे ऐकणं कठीण जातं हे मला ठाऊक आहे. पण शरीरशास्त्र तुमचं झालेलंय, रुग्णाशी बोलण्याची सवय आहे. मेडिकल असिस्टंट किंवा थेट नर्सिंगच्या पदवीला तुम्ही वेगाने पुढे जाता. ड्यूटीवर मात्र औषधाचा सल्ला देऊ नका, रुग्ण मराठी असला तरीही. २००३ नंतर चार वर्षांचं बीफार्म केलेल्यांना इथे फार्मासिस्टच्या परवान्याची वाट थेट उघडत नाही, कारण पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. फार्मसी टेक्निशियनची पीटीसीबी परीक्षा त्यांना सोपी जाते.

बाकी छोटे कोर्स थोडक्यात. फ्लेबॉटॉमी म्हणजे रक्त घेणं. त्याला कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन याच राज्यांत परवाना लागतो, न्यू जर्सीत लागत नाही, पण नोकरी देणारे प्रमाणपत्र बघतात. रक्त प्रत्यक्ष किती वेळा घ्यायला मिळेल हे क्लासला विचारा. फक्त ऑनलाइन असेल तर सोडून द्या. शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करण्याचं काम रुग्णांशी बोलायला संकोच वाटणाऱ्यांना चांगलं, मात्र त्याच्या सीआरसीएसटी प्रमाणपत्राला प्रत्यक्ष कामाचे ४०० तास लागतात. घरी जाऊन सेवा करायची असेल तर सीएचएचए (सर्टिफाइड होम हेल्थ एड), न्यू जर्सीत ७६ तासांचं.

पहिली नोकरी निवडताना ताशी एक डॉलर जास्त देणाऱ्या जागेपेक्षा शिकायला पैसे देणारी जागा धरा. मालक वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाचा खर्च देऊ शकतो आणि त्यावर तुम्हाला कर लागत नाही. कम्युनिटी कॉलेजात एका वेळी एक-दोन विषय घेतलेत तर त्यात बरंच भागतं. मुलाखतीत शेवटी “तुमचे काही प्रश्न?” असं विचारतात, तेव्हा हे तीन विचारा: शिक्षणाचा खर्च किती महिन्यांच्या नोकरीनंतर मिळतो, अर्धवेळ काम करणाऱ्याला मिळतो का, आणि नर्सिंगच्या वर्गांप्रमाणे शिफ्ट बदलून मिळते का. उत्तरं कागदावर मागा.