झाडाची भूमिती करताना या चुका टाळा

झाडाचं चित्र भौमितिक आकारांत उतरवायचं असेल, तर झाड नीट बघायच्या आधी पट्टी हातात घेणं, ही सगळ्यात मोठी चूक. एका कार्यशाळेत समोर भलाथोरला वड होता आणि एक मुलगा मोबाइलवरच्या फोटोवर त्रिकोणांची जाळी टाकून, ती कागदावर उतरवून मोकळा झाला. पारंब्यांवर जे त्रिकोण, तेच मागच्या आभाळावर! पारंबी सरळ खाली येते, फांदी आडवी पसरते. वडातला हा ताणच जाळीखाली गाडला गेला. मी फोन बाजूला ठेवायला लावला आणि कोळशाने फक्त पारंब्यांमधल्या फटी काढायला सांगितल्या. बरीच कुरकुर झाली. पण दिवस संपताना कागदावर उंच, अरुंद आकार दाटीवाटीने उभे होते आणि एकही पारंबी न काढता वड ओळखू येत होता.

डच चित्रकार पीट मोंद्रियानने रंगवलेली झाडं ओळीने बघा. ‘लाल झाड’ (1908–10) अजून झाडच आहे, लाल फांद्या आणि मागे निळं. ‘करडं झाड’मध्ये (1911) रंग गेला, फांद्यांच्या कमानी उरल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेलाही फांद्यांइतकंच वजन आलं. 1912 च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात तर कमानी आणि त्यांनी कापलेले पानासारखे तुकडे, एवढंच. पॅरिसमध्ये घनवाद (वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणारी चित्रशैली) जवळून बघितल्यावरही त्याने झाड सोडलं नाही. उतावळ्यांना मात्र पहिल्याच दिवशी काळ्या रेषा आणि लाल-पिवळे-निळे चौकोन हवे असतात. मोंद्रियानची तशी चित्रं 1920 नंतरची आहेत, हे कुणी लक्षातच घेत नाही.

फ्रेंच चित्रकार सेझानच्या नावावर घन खपवू नका. त्याने चित्रकार एमिल बर्नारला 1904 मध्ये लिहिलेल्या पत्रात दंडगोल, गोल आणि शंकू आहेत, घन नाही. तिन्ही आकारांचा पृष्ठभाग वळत वळत नजरेआड जातो. म्हणून फांदी दंडगोल मानलीत की ती कुठे वळते हे दाखवावंच लागतं. नुसत्या सरळ कडा आखून भागत नाही.

रंग शेवटी. मी तर आधी करड्या रंगाच्या तीनच छटा वापरू देतो.

खोडरबर जवळ ठेवू नका. प्रत्येक पायरीला नवा कागद घ्या, म्हणजे काय गळलं ते शेजारी ठेवून दिसतं.

फोटोला माझा सरसकट विरोध नाही. डच चित्रकार थिओ व्हॅन डूसबर्गने 1925 च्या पुस्तकात गायीचं अमूर्तीकरण, म्हणजे गाय नुसत्या आकारांपर्यंत कशी येते ते, पायरीपायरीने दाखवलं, त्यात पहिली पायरी फोटोचीच आहे. पण शेवटच्या पायरीतल्या चौकोनांमागे पेन्सिलने काढलेल्या गायी आहेत.