निक्कोचा शनिवार-रविवार: टोकियोहून निघण्याआधीची तयारी

पानं लाल होण्याच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरची सुरुवात, निक्कोला जायचं असेल तर महिनाभर आधी दोन गोष्टी हातात हव्यात: राहण्याची खोली आणि आसाकुसाहून सुटणाऱ्या तोबू रेल्वेच्या लिमिटेड एक्स्प्रेसची सीट. सीटचं तिकीट मूळ भाड्याहून वेगळं असतं. नुसतं पासमो (रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड) टेकवून या गाडीत बसता येत नाही. नाव नीट वाचा. ‘केगोन’ निक्कोला जाते, ‘किनु’ किनुगावाला. काही गाड्यांचे डबे शिमो-इमाइची स्टेशनात सुटे होऊन दोन दिशांना जातात, त्यामुळे तिकिटावरच्याच डब्यात बसा.

टोकियोतल्या निशी-कासाईकरांनी मेट्रोच्या तोझाई लाइनने निहोनबाशी आणि तिथून गिन्झा लाइनने आसाकुसा गाठावं. तोबूचे फलाट मात्सुया या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहेत (जपानी हिशेबाने दुसरा, आपल्या हिशेबाने पहिला). भुयारातून वर यायला दहा मिनिटं धरा.

खोली तोबू-निक्को स्टेशनाजवळ घ्या, कारण सगळा बेत रविवारच्या पहाटेवर टांगलेला आहे. चुझेंजी तलावाकडे चढणारा इरोहाझाका घाट सीझनमध्ये सकाळी नऊनंतर तुंबतो आणि पाऊण तासाच्या बसप्रवासाचे दोन-तीन तास होतात. म्हणून शनिवारी देवळं, रविवारी पहिली बस पकडून वर आणि दुपारच्या आत खाली. उलट क्रम लावला तर शनिवार घाटातच जातो. तलावाकडच्या बऱ्याच बस जेआर या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या निक्को स्टेशनातून सुटून मग तोबू-निक्कोला येतात. दोन्हींमध्ये पाचेक मिनिटांचं चालणं आहे. जेआरला जाऊन चढलात तर बसायला जागा मिळते. चुझेंजीपर्यंतचा दोन दिवसांचा बस पास तोबू-निक्को स्टेशनातच घ्या; एकदा वर-खाली केलं की पैसे वसूल. घाटाला चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा आहे, दोन्ही मिळून ४८ वळणं. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, पहिल्या वळणावर नको. आकेचिदाइराचा थांबा फक्त चढताना लागतो. तिथून रोपवेने वर जायचं असेल तर जातानाच उतरा.

कपड्यांत बहुतेकांची फसगत होते. चुझेंजी तलाव १,२६९ मीटरवर आहे, टोकियोपेक्षा सात-आठ अंशांनी गार. टोकियोत शर्टावर भागत असलं तरी एक गरम थर, वाऱ्याला अडवणारं जाकीट आणि कानटोपी घ्याच. केगोन धबधबा ९७ मीटरचा, पण धुक्यात त्याचा नुसता आवाज येतो. आधी वरच्या फुकटच्या कठड्यावरून पाहा; तिथून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नसेल तर लिफ्टचं तिकीट काढण्याआधी थोडं थांबा.

पायात बिनलेसचे, पण पकड असलेले बूट हवेत. तोशोगू या निक्कोच्या मुख्य देवस्थानात मुख्य देवळात आणि छतावर रडणारा ड्रॅगन रंगवलेल्या याकुशिदो या देवळात बूट काढावे लागतात, आणि शोगुन तोकुगावा इएयासूच्या समाधीकडे २०७ दगडी पायऱ्या चढायच्या असतात. मोजे न फाटलेले घ्या. त्या पायऱ्यांच्या आधी दाराच्या चौकटीवर झोपलेली मांजर कोरलेली आहे. ती इतकी लहान की गर्दीच्या रेट्यात नजर वर न जाता लोक पुढे निघून जातात. नोव्हेंबरपासून दरवाजे चार वाजता बंद होतात आणि प्रवेश त्याआधी अर्धा तास थांबतो, म्हणून दुपारी एकच्या आत पोचा. स्टेशनापासून देवळांच्या वाटेवरच्या शिंक्यो पुलापर्यंत २०-२५ मिनिटांची चढण आहे. सामान कॉइन लॉकरमध्ये टाका, त्यासाठी शंभर येनची नाणी जवळ ठेवा. मोठी बॅग त्यात मावेलच असं नाही, पाठीवरची सॅकच बरी.

शाकाहाऱ्यांनी युबाच्या भरवशावर राहू नये. युबा म्हणजे सोयादुधाची साय, पण ती शिजते बहुधा सुक्या कात्सुओ माशाच्या दाशीत, म्हणजे काढ्यात, आणि सोबा नूडल्सची बुडवणीही त्याच दाशीची. ‘मांस नाही’ एवढं सांगितलं तर दाशी त्यात मोजली जात नाही. खोली घेतानाच कळवा, आणि हॉटेलात म्हणा: “निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु.” (मांस-मासे खाता येत नाहीत, कात्सुओची दाशीही चालत नाही.) कच्च्या युबावर सोया सॉस, हे त्यातल्या त्यात सुरक्षित. बरोबर दशम्या, कोरडी चटणी आणि मेतकूट असू द्या. लिमिटेड एक्स्प्रेसमध्ये खाल्लेलं चालतं. कचऱ्याच्या पेट्या सापडत नाहीत, एक रिकामी पिशवी ठेवा. पुडा मात्र घाटात आणि तलावाकाठी हातात धरून हिंडू नका. तोशोगूची तीन माकडं लाकडाची आहेत, तिथली खरी आहेत आणि पिशवी ओढतात.

कागदपत्रांत झाइर्यू कार्ड (जपानातल्या परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र), जे एरवीही अंगावर लागतंच. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांचे मूळ पासपोर्ट घ्या. जपानात पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांकडून हॉटेल ते मागतं. बस आणि छोट्या दुकानांसाठी हजाराच्या नोटा सुट्या ठेवा.

परतीची सीट रविवारी दुपारी चारच्या आधीची काढू नका. घाट उतरताना बस कुठे अडकेल याचा नेम नसतो, आणि सुटलेल्या गाडीचं सीटचं तिकीट वाया जातं.