सीमेवरील धरपकडीचे आकडे कसे वाचावेत

अमेरिका-मेक्सिको सीमेवरचा कोणताही आकडा वहीत उतरवण्यापूर्वी तो माणसे मोजतो की घटना, हे आधी तपासावे. २००० या आर्थिक वर्षात, म्हणजे ऑक्टोबर १९९९ ते सप्टेंबर २००० या काळात, अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाने या सीमेवर १६ लाखांहून अधिक वेळा धरपकड केली. १६ लाख माणसे पकडली, असे मात्र लिहू नये. त्या काळी सापडलेल्या मेक्सिकन माणसाकडून बहुधा स्वेच्छेने परतत असल्याच्या कागदावर सही घेत, त्याला बसने सीमेपार सोडत, आणि अनेकदा तो त्याच रात्री पुन्हा कुंपणाशी येई. सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी सापडलेला एकच मजूर नोंदीत तीनदा येतो. शुक्रवारी तो खरोखर पार होतो, तेव्हा त्याची नोंदच होत नाही.

आकड्याशेजारी त्या वर्षीचा कायदाही लिहून ठेवावा. गस्ती दल १९२४ सालचे, पण चोरून प्रवेश करणे हा फौजदारी गुन्हा ठरला तो १९२९ मध्ये. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकन मजुरांना तात्पुरत्या कामासाठी अमेरिकेत आणणाऱ्या ब्रासेरो योजनेखाली शेतमजुरांशी सुमारे ४६ लाख करार झाले (इथेही करारच, माणसे नव्हेत). योजना बंद झाली, १९६८ पासून पश्चिम गोलार्धातून, म्हणजे अमेरिका खंडांतील देशांतून, येणाऱ्यांवर मर्यादा आली आणि १९७६ च्या कायद्याने मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला २०,००० व्हिसा उरले; शेतांना मजूर मात्र लागतच होते. त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या धरपकडीत नव्या लोंढ्याइतकाच बदललेल्या कायद्याचाही हात आहे.

आकडा घसरलेला दिसला, तर लगेच निष्कर्ष काढू नये. १९९४ च्या ‘ऑपरेशन गेटकीपर’ या पहारा वाढवण्याच्या मोहिमेनंतर सॅन डिएगोजवळची धरपकड ओसरली, तेव्हा शेजारच्या रकान्यात ॲरिझोनातील टूसॉन विभाग पाहावा: वाट सोनोराच्या वाळवंटाकडे वळली होती. तिथे धरपकडीचे तक्ते पुरत नाहीत; वाटेत मेलेल्यांसाठी टूसॉन ज्यात येते त्या पिमा काउंटीच्या शवचिकित्सकांच्या नोंदी चाळाव्या लागतात.

सर्वांत मोठा परिणाम तर या तक्त्यांत येतच नाही. पूर्वी हंगाम संपला की पुरुष गावी परतत. ओलांडणे महाग आणि जिवावरचे झाल्यावर अनेकांनी परतणेच सोडले आणि बायका-मुलांना तिकडे बोलावून घेतले. यासाठी १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘मेक्सिकन मायग्रेशन प्रोजेक्ट’ या स्थलांतरावरील संशोधन प्रकल्पाची सर्वेक्षणे पाहावीत. त्यांत कुटुंबप्रमुखाच्या खेपा वर्षवार मांडलेल्या असतात, आणि वाट दाखवणाऱ्या ‘कोयोट’ला त्याने किती पैसे मोजले, हेही.