एकोणपन्नास रात्रींची वही : ओमेरच्या मोजणीतून स्वतःची अडचण उलगडण्याची रीत

वल्हांडण सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ज्यू माणूस रोज अंधार पडल्यावर उभा राहतो, एक आशीर्वचन म्हणतो आणि दिवस मोजतो : आज ओमेरचा पहिला दिवस, आज दुसरा, आज आठ दिवस म्हणजे एक आठवडा आणि एक दिवस. असे 49 दिवस पुरे झाले की पन्नासाव्या दिवशी शावुओत, म्हणजे सप्ताहांचा सण, येतो. ओमेर हे मुळात धान्याचे माप. यरुशलेमच्या मंदिरात नव्या जवाचे एक माप अर्पण करून ही मोजणी सुरू होत असे. इ. स. 70 मध्ये मंदिर पडले आणि अर्पण थांबले, परंतु मोजणी चालू राहिली. पुढे कब्बालाच्या, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, अभ्यासकांनी तिच्यात आत्मपरीक्षणाची एक पद्धत बसवली. मनाला दीर्घकाळ छळणाऱ्या एखाद्या अडचणीचा छडा लावण्यासाठी ती कशी वापरावी, हे येथे सांगायचे आहे. मी कोकणातून मुंबईत स्थिरावलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरातला असल्यामुळे मोजणी लहानपणापासून कानांवर पडत होती, पण तिच्यामागचा हा अर्थ चाळिशी उलटल्यावर हाती लागला. कब्बालाला चाळिशीआधी हात लावू नये असा जुना संकेत आहे, तेव्हा तेही ठीकच झाले म्हणायचे.

प्रथम थोडी ओळख करून घ्यावी लागेल. कब्बालाच्या मते अनंत ईश्वर दहा सेफिरोतमधून (एकवचन सेफिरा), म्हणजे दहा शक्तींमधून, प्रकट होतो. त्यांपैकी वरच्या तीन बुद्धीच्या आहेत आणि उरलेल्या सात भावना व आचरणाच्या. मोजणीचे सात आठवडे या सातांना वाटून दिलेले आहेत. पहिली हेसेद, म्हणजे हात न आखडता केलेली माया; दुसरी गेवुरा, म्हणजे मर्यादा, शिस्त आणि नकार देण्याचे बळ; तिसरी तिफेरेत, म्हणजे या दोहोंचा मेळ. नेत्साह म्हणजे चिकाटी. होद म्हणजे नमते घेणे, ज्यात आभार मानणे आणि चूक कबूल करणे दोन्ही येतात. येसोद म्हणजे माणसांना जोडणारा दुवा, आणि मालखुत म्हणजे हे सारे जिथे प्रत्यक्ष जमिनीवर उतरते ती जागा. एका प्रसिद्ध पारंपरिक वर्णनात हेसेद हा उजवा हात, गेवुरा हा डावा हात, तिफेरेत हे धड, नेत्साह व होद हे दोन पाय, तर मालखुत हे मुख मानले आहे. नवशिक्याने नावे पाठ करण्यापेक्षा हे शरीर लक्षात ठेवावे, कारण मुखाशी पुढे आपले काम पडणार आहे.

आता प्रत्येक आठवड्यात दिवसही सातच असल्याने प्रत्येक सेफिरामध्ये पुन्हा साती सेफिरा येतात. पहिला दिवस हेसेदमधील हेसेदचा, दुसरा हेसेदमधील गेवुराचा, आठवा गेवुरामधील हेसेदचा, असे करत एकोणपन्नासावा मालखुतमधील मालखुतचा. तेहेतिसावा दिवस, म्हणजे लाग बाओमेर, होदमधील होदचा येतो. त्या दिवशी इस्राएलमध्ये मेरोन येथे प्राचीन धर्मगुरू रब्बी शिमोन बार योहाय यांच्या समाधीवर मोठी गर्दी लोटते. अनेक प्रार्थनापुस्तकांत मोजणीनंतर एक छोटी विनवणी छापलेली असते : अमुक सेफिरामध्ये माझ्या हातून जे बिघडले असेल ते आज नीट होवो. बहुतेक जण ती घाईघाईने म्हणून मोकळे होतात. आपल्याला थांबायचे आहे ते नेमके तिथेच.

सुरुवातीला अडचण एकच निवडावी आणि ती एका वाक्यात लिहावी. ‘माझे कोणाशीच जमत नाही’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात ना माणूस आहे ना प्रसंग. मी पहिल्या वर्षी लिहिलेले वाक्य असे होते : ‘धाकट्या भावाला तीन वेळा पैसे दिले आणि आता दोन वर्षे मी त्याच्याशी धड बोललेलो नाही.’ शंभर पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर दिवसाचे नाव व प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्याने शुक्रवारी रात्री फक्त बसावे आणि लिहिणे शनिवारी रात्रीवर ठेवावे. ज्यू नसलेल्या वाचकाने आशीर्वचन म्हणण्याची गरज नाही, आणि माझ्या मते ते म्हणूही नये; तो दुसऱ्याच्या ईश्वराशी झालेल्या कराराचा भाग आहे. सलग 49 रात्रींचा आराखडा मात्र कोणालाही, वर्षात कधीही, उपयोगी पडू शकतो.

रात्री मोजणी झाली की वीस मिनिटे बसावे. ल्यादीचे रब्बी श्नेऊर झाल्मान (1745–1812) यांच्या परंपरेत या बसण्याला हितबोनेनुत म्हणतात : एकच कल्पना घेऊन ती बुद्धीला पटेपर्यंत आणि पुढे मनाला हलवेपर्यंत तिच्यावर विचार करीत राहणे. मन रिकामे करणे येथे अपेक्षित नाही. उलट, मनाला एक प्रश्न चघळायला द्यायचा असतो, आणि तो प्रश्न त्या दिवसाच्या जोडीतूनच काढायचा असतो. हेसेदमधील गेवुराच्या रात्री विचारायचे, माझ्या देण्याला काही मर्यादा होती का? गेवुरामधील हेसेदच्या रात्री, माझ्या कठोरपणात माया कुठे उरली आहे? प्रश्न दुसऱ्याच्या वागण्याकडे वळला की तो परत स्वतःकडे आणावा. पहिल्या आठवड्यात हे एका बैठकीत दहादा करावे लागते.

दुसऱ्या रात्री मी उजव्या पानावर काय लिहिले ते येथे देतो : ‘तिन्ही वेळा त्याने आकडा सांगण्याआधीच मी आकडा सांगितला.’ हे मला त्या क्षणापर्यंत खरोखर आठवले नव्हते. भाऊ दुकानाची अडचण सांगायला येई, चहा निवायच्या आत मी रक्कम बोलून टाकी, आणि तो ओशाळून हो म्हणे. ज्याला मी माया समजत होतो त्यात थोरलेपणा मिरवण्याचा भाग बराच होता. अब्राहाम हा हेसेदचा पुरुष मानला जातो, आणि त्याच्या कथेत तो आलेल्या वाटसरूंना पाय धुवायला पाणी आणि सावलीत विसावा देतो. माझ्या पाहुण्याला मी नीट टेकूही दिले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यावर जरा अधिक थांबतो, कारण मराठी घरांत गेवुराच्या नावाने सर्वांत जास्त गोंधळ आहे. नाही म्हणणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो, म्हणून माणूस हो म्हणतो आणि मग वर्षानुवर्षे धुमसत राहतो. सफेद नावाच्या गावी शिकवणारे कब्बालाचे गुरू इसहाक लुरिया (1534–1572) यांनी सृष्टीचा आरंभच त्सिम्त्सुममधून सांगितला आहे : अनंताने प्रथम स्वतःला आवरून घेतले, तेव्हा कुठे दुसऱ्या कशालाही अस्तित्वाची जागा मिळाली. या दृष्टीने पाहिले तर मर्यादा घालणे हे प्रेमाच्या उलटे नसून प्रेमाला जागा करून देणे आहे. गेवुरामधील होदच्या रात्री, म्हणजे बाराव्या दिवशी, मला हे कबूल करावे लागले की आपली मर्यादा मी भावाला एकदाही सांगितली नव्हती. जी रेघ कधी आखलीच नाही ती ओलांडल्याबद्दल मी त्याला दोन वर्षे शिक्षा देत होतो.

विचार अडला तर मोठ्याने बोलावे. ब्रात्स्लावचे रब्बी नहमान (1772–1810) आपल्या शिष्यांना रोज एकांतात, शक्य तर रानात किंवा शेतात जाऊन, ईश्वराशी बोलायला सांगत, आणि तेही धर्मग्रंथांच्या हिब्रूत नव्हे तर रोजच्या बोलीत. आपण मराठीत बोलावे, आणि जे शब्द घरात भांडताना तोंडी येतात तेच वापरावेत. मुंबईत रान कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभा राहत असे. बोलायला काहीच सुचत नसेल तर तेवढेच बोलावे, अशीही त्यांची शिकवण आहे.

प्रत्येक आठवड्याचा सातवा दिवस मालखुतचा असतो, आणि त्या दिवशी वहीत विचार लिहून भागत नाही. कृती लिहावी लागते. ज्यू दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत धरतात, म्हणून ती कृती दुसऱ्या दिवशी सूर्य मावळण्याआधी पार पडेल एवढी लहान असावी. ‘भावाशी संबंध सुधारणे’ ही कृती होत नाही. ‘दुपारी दोन वाजता फोन करणे’ ही होते. मालखुत हे मुख असल्यामुळे ही कृती पुष्कळदा बोलण्याचीच निघते. चौदाव्या दिवशी मी फोन करून भावाला सांगितले की जुने पैसे मी सोडले आहेत, पुढे मात्र मला देणे जमणार नाही, आणि हे मी आधीच बोलायला हवे होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘दादा, तेव्हाच का नाही बोललास?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. तिसऱ्या आठवड्यातल्या सात पानांपैकी पाच पाने त्या एका प्रश्नाने भरली.

काही गोष्टींत सावध राहावे. ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथात चार विद्वान गूढाच्या बागेत शिरल्याची कथा आहे : एक मेला, एकाचे चित्त बिघडले, एकाने रोपे छाटली म्हणजे श्रद्धा सोडली, आणि केवळ रब्बी अकिवा सुखरूप आत जाऊन सुखरूप बाहेर आले. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही किंवा जगण्याचाच कंटाळा आला आहे, त्याने ही वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. भारत सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक अशा वेळी मराठीतही बोलतो. तसेच ज्या घरात मारहाण होते तेथे स्वतःचा दोष शोधत बसणे घातक असते. तेथे गेवुराचे काम एकच, आणि ते म्हणजे सुरक्षित जागी निघून जाणे. शिवाय लाल दोरे, मंतरलेले पाणी आणि महागडे अभ्यासवर्ग विकणारे भेटतील. या रीतीला वही व पेन यांपलीकडे काही लागत नाही.

एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी उजेडी आशीर्वचन न म्हणता मोजावे आणि त्या रात्री पूर्ववत पुढे जावे. पूर्ण दिवसच हुकला तर उरलेले सर्व दिवस मोजावेत, फक्त आशीर्वचन म्हणू नये. वहीतले पान कोरेच ठेवावे, मागाहून भरू नये. माझ्या वहीत सव्वीस आणि सदतीस ही पाने कोरी आहेत. शावुओतच्या रात्री जागून अभ्यास करण्याची प्रथा कब्बालाच्या अनुयायांनी रुजवली, आणि त्याच रात्री वही पहिल्या पानापासून एकदा सलग वाचायची असते. सुरुवातीला लिहिलेले अडचणीचे वाक्य तेव्हा बहुधा चुकीचे वाटते. ते खोडू नये, त्याखाली नवे वाक्य लिहावे. माझ्या पहिल्या वाक्यात भाऊ होता आणि पैसे होते. त्या पहाटे खाली लिहिलेल्या वाक्यात चहाचा कप होता, आणि तो निवायच्या आत बोलून मोकळा होणारा मी.